उजेड न सोसणारा पाहुणा

साप सांभाळणं ही शेवटी वाचनाची गोष्ट आहे, असं भगवानरावांनी भाच्याला ठणकावून सांगितलं, तेव्हा त्यांनी उभ्या आयुष्यात गांडुळाहून लांब प्राणी हाताळलेला नव्हता. आणि ते गांडूळही शाळेत, मास्तरांच्या धाकानं.

पण बोलून गेले खरे. भगवानराव म्हणजे केजच्या तहसील कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. दगडटाकळी हे त्यांचं गाव त्यांना भाऊसाहेब म्हणे. माणूस अतिशय लाजाळू. चारचौघांत बोलायची वेळ आली की त्यांचा घसा दगडटाकळीच्या हापशासारखा व्हायचा. दांडा खालीवर, आवाज मोठा, बाहेर थेंब नाही. धीर यायचा तो फक्त पुस्तकं वाचून. एखाद्या विषयावर दोन पुस्तकं वाचली की तो विषय आपल्याला येतो असं त्यांना वाटू लागे, आणि तिसरं वाचलं की येत नाही असं वाटू लागे. म्हणून ते बहुतेक वेळा दोनावर थांबत.

भाचा सुग्रीव पुण्यात एका कंपनीत नोकरीला. त्याला कंपनीनं काही आठवड्यांसाठी बंगळूरला धाडायचं ठरवलं आणि त्याच्या खोलीतल्या पाहुण्याचा प्रश्न उभा राहिला. घरमालकीण कुत्र्याला हो म्हणे, मांजराला हो म्हणे, पण सापाचं नाव काढलं की घर रिकामं करा म्हणे. म्हणून सुग्रीव भोकं पाडलेला एक मोठा प्लास्टिकचा डबा मांडीवर घेऊन एसटीनं केजला आणि तिथून जीपनं दगडटाकळीला आला. वाटेत कुणी विचारलंच तर तो कंप्युटरचं सामान आहे म्हणून सांगत होता. आतला साप परदेशी होता, बिनविषारी होता, त्याची सरकारदरबारी रीतसर नोंद होती, आणि तो पांढरा होता. नुसता पांढरा नव्हे. दुधात गुलाबाचं पाणी सांडावं तसा. डोळे डाळिंबाच्या दाण्यासारखे. सुग्रीव त्याला कापशा म्हणायचा.

"मामा, खाऊन आलाय, मी येईस्तोवर काय मागायचा न्हाई," सुग्रीव म्हणाला. "एकच जपा. उजेड. याच्या अंगात रंग न्हाई तसा डोळ्यातबी न्हाई. ऊन थेट आत घुसतं. आन् सापाला पापण्या नसत्यात, म्हंजे डोळे मिटून घ्यायचीबी सोय न्हाई. उजेडात सोडला की जीव घेऊन अंधाराकडं पळतो. दुसरं काय बघत न्हाई."

हे ऐकून भगवानरावांना त्या सापाबद्दल एकदम आपुलकी वाटली. गावच्या सभेत त्यांचं स्वतःचं याहून वेगळं काही होत नसे.

शिवाय जागाही तयार होती. घराच्या मागच्या अंगाला मातीच्या सपाट छताचं माळवद होतं, पण रस्त्याकडच्या बाजूला भगवानरावांची पुस्तकांची खोली होती, वर पत्रे, खिडकी एकच आणि तीही कायम लावलेली. मे महिन्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघायला हवा. पण ही खोली गार असे. कोपऱ्यातल्या भिंतीला पोपडे धरत, पुस्तकांना बुरशी येई. सत्यभामाबाई यावरून सारख्या बोलत. गावाला तीन वर्षं पाऊस नाही, माणसं टँकरपुढं घागरी मांडून बसलीत, जनावरं छावणीत गेलीत, आणि आपल्या खोलीला ओल येते, हे काय आहे म्हणून विचारत. भगवानराव पुस्तकातून मान वर न काढता सांगत की जुन्या घरांना असं होतंच.

सत्यभामाबाई नागपंचमीला नागाची पूजा मनोभावे करत. मात्र भिंतीवर पाल दिसली तरी शेजारी मुक्कामाला जात. त्यामुळं भगवानरावांनी त्यांनाही डब्यात सुग्रीवचं कंप्युटरचं सामान आहे असंच सांगितलं आणि वर एक पुस्ती जोडली, की त्याला उजेड लागला की ते बिघडतं. खोटं बोलायची सवय नसल्यानं त्यांना ही पुस्ती फार हुशारीची वाटली. बाईंनी लक्षच दिलं नाही. त्यांच्या डोक्यात कुरडया होत्या.

ते सांगायलाच हवं. टँकरच्या पाण्यात का होईना, शेजारच्या छबुबाई आणि सत्यभामाबाई मिळून दरसाल कुरडया घालत. माळवदावर पांढरं लुगडं अंथरायचं, सोऱ्यानं त्यावर कुरडया पाडायच्या, आणि एकदा वर ऊन लागलंच आहे तर घरातलं जे जे ओलसर, कुबट, किडकं असेल ते ते सगळं उन्हाला मांडायचं. डाळी, गोधड्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, देवाची जुनी वस्त्रं. यंदाच्या कुरडयांच्या दिवशी भगवानराव सकाळी हजामतीला गेले होते. सत्यभामाबाईंनी पुस्तकांच्या खोलीत डोकावलं, तर कोपऱ्यातल्या डब्याला कुबट वास. झाकण काढलं. आत लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी कलंडलेली आणि एक फुटकं मडकं पालथं. यात कंप्युटर कुठला ते त्यांना कळलं नाही, पण पुण्याच्या कंपन्यांचं काय सांगावं. ओल मात्र त्यांना कळली. त्यांनी डबा उचलला आणि उघडाच नेऊन माळवदावर कुरडयांच्या शेजारी ठेवला. उन्हानं बिघडतं असं नवरा म्हणाला होता खरं. पण ओलीनं जास्त बिघडतं हे त्यांना त्या खोलीतल्या प्रत्येक पुस्तकानं शिकवलं होतं.

ऊन कोवळं होतं तोवर कापशा मडक्याखाली गप्प पडून होता. ऊन चढलं तसा तो निघाला. सगळ्यात जवळची सावली कुरडयांच्या लुगड्याच्या घडीत होती. तो निम्मा घडीत आणि निम्मा बाहेर असा, वळसे घालून पडला.

छबुबाई कुरडया उलटायला वर आल्या. त्यांच्या नजरेला पडलं की एक कुरडई भलतीच जाड आणि लांब पडली आहे. सत्यभामा म्हातारी व्हायला लागली, हात थरथरतो, असं मनाशी म्हणत त्यांनी ती उचलली. कुरडईनं त्यांच्याकडं पाहिलं. छबुबाईंनी कुरडई अगदी बेतानं, जशी होती तशी परत ठेवली, पदर सावरला, जिना उतरल्या, दार ओलांडलं आणि गल्लीच्या मधोमध पोचल्यावर मग तोंड उघडलं. ती हाक छावणीतल्या म्हशींनीही ऐकली म्हणतात.

भगवानराव हजामत करून परतत होते. गल्लीच्या तोंडाशीच त्यांना गर्दी दिसली. गर्दी दिसली की ते एरवी दुसऱ्या वाटेनं जात. पण त्या दिवशी घराला दुसरी वाट नव्हती. माणसांच्या खांद्यांमधून त्यांनी पाहिलं, आणि नुकतीच केलेली हजामत त्यांच्या अंगावर उभी राहिली. माळवदाच्या कोरड्या पन्हळीतून उतरून, गल्ली ओलांडून, कापशानं मोहनरावांच्या कंपाउंडच्या भिंतीला पडलेल्या एका चिरेत तोंड खुपसलं होतं. बाकी सगळा देह बाहेर. त्यावर हळद होती, कुंकू होतं, आणि कुणीतरी वाटीत दूध आणून ठेवलं होतं. त्या उन्हाळ्यात गावात चहाला दूध मिळत नव्हतं.

आता मोहनराव कोण ते सांगतो. गावात पाणीपुरवठा सहकारी संस्था होती. पाणी नव्हतं, पण संस्था होती. चेअरमन मोहनराव होते, व्हाइस चेअरमन आश्रुबा होते, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही एवढाच एक ठराव तिथं आजवर अमलात आला होता. यंदा मोठ्या खटपटीनं संस्थेला एक बोअर मंजूर झाला होता. एकच. बोअरची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी यायची होती. बोअर मोहनरावांच्या आळीत पाडायचा की आश्रुबांच्या, यावर अजून बैठका चालू होत्या. चुकला तर गावाला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टँकरच.

आणि त्या गर्दीत हरिबा होता. हरिबा शेळ्या राखायचा आणि पाणाड्याचं काम करायचा, म्हणजे तळहातावर नारळ आडवा धरून रानातून चालायचं आणि नारळ उभा राहिला की खाली पाणी आहे म्हणून सांगायचं. अलीकडं त्याचा नारळ जिथं जिथं उभा राहिला तिथं तिथं नुसता फुफाटा निघाला होता, आणि हरिबाला कुणी चहा पाजेनासं झालं होतं. त्यानं त्या सापाकडं पाहिलं आणि त्याचे दिवस पालटले.

"पांढरा साप पाण्याच्या तोंडावर बसतो," हरिबा म्हणाला. "माझा बाप सांगायचा. जिथं त्यो डोकं घालंल, तिथं खाली शीर हाय."

मोहनरावांनी आपल्या भिंतीकडं पाहिलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर भक्ती पसरली. आश्रुबांच्या चेहऱ्यावर काही पसरलं नाही. त्यांचं म्हणणं पडलं, की साप आपल्या वाटेनं चालला होता, बायकांनी कालवा केला म्हणून तो भिऊन तिथं शिरला. असा दबावाखाली दिलेला कौल धरता येत नाही. यावर बरंच बोलणं झालं. शेवटी सगळ्यांनी मिळून ठरवलं, की हरिबानं साप मडक्यात घ्यावा आणि उद्या गाडी आली की संस्थेच्या मैदानात, सगळ्या गावासमोर सोडावा. भर दुपारी. लख्ख उजेडात. मागच्या निवडणुकीत अंधारात काय काय झालं ते सगळ्यांना माहीत होतं.

भर दुपारी हे शब्द ऐकून भगवानराव पुढं सरकले. त्यांनी हात वर केला. "तो साप," ते म्हणाले, "तो खरं तर..." एवढ्यात चार माणसांनी वळून त्यांच्याकडं पाहिलं. दांडा खालीवर झाला, आवाज झाला, थेंब आला नाही. हात वर गेलाच होता, म्हणून त्यांनी त्यानं कपाळ पुसलं.

घरी येऊन त्यांनी विचार केला. तो साप आपला आहे हे सांगितलं तर सत्यभामा घर सोडेल. नाही सांगितलं तर गावाचा एकुलता एक बोअर, उन्हाला भिणारा एक परदेशी साप जिथं लपेल तिथं पडेल. दोन्हींच्या मधली वाट त्यांना सापडली, आणि भित्र्या माणसाला मधली वाट सापडणं यासारखं धोक्याचं काही नाही. मालकीचं बोलायचं नाही. नुसतं शास्त्र सांगायचं.

संध्याकाळी ते मोहनरावांकडं गेले. असल्या बिनरंगी सापाला उजेड सोसत नाही, तो पाण्याकडं जात नाही, सावलीकडं जातो, जिथं जास्त अंधार तिथं जातो, असं आपण वाचल्याचं त्यांनी सांगितलं. मोहनरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भगवानरावांचं कुणी इतकं मन लावून ऐकायची ती पहिलीच वेळ. दोन ठिकाणी तर मोहनरावांनी पुन्हा सांगा म्हटलं. निघताना ते म्हणाले, "भाऊसाहेब, शिकलेला माणूस गावात असावा तो ह्याच्यासाठी."

भगवानराव तरंगतच बाहेर पडले. मग त्यांच्या मनात आलं की एका बाजूला सांगून दुसरीला न सांगणं बरं नव्हे. म्हणून ते आश्रुबांकडं गेले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं. आश्रुबांनीही तितक्याच मन लावून ऐकलं. फक्त जाताना एक विचारलं, की काळ्या घोंगडीखालचा अंधार जास्त का ताडपत्रीखालचा. भगवानरावांनी खूप विचार करून घोंगडी असं सांगितलं. शास्त्रीय दृष्टी गावात इतक्या झपाट्यानं याआधी कधीच पसरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानात गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. मैदानाच्या एका अंगाला मोहनरावांनी लेकीच्या लग्नातला मांडव उभा केला होता, कनातीसकट, आणि आत सतरंज्या टांगून काळोख केला होता. दुसऱ्या अंगाला आश्रुबांची उसाची ट्रॉली होती. तिच्यावर घोंगड्यांवर घोंगड्या टाकून तिची गुहा केली होती. तेलगावच्या पाहुण्यांच्या घरच्याही घोंगड्या आणवल्या होत्या असं कळलं. कुणी विचारलंच, तर दोन्हीकडून उत्तर एकच येत होतं, की ऊन लई हाय, माणसाला जरा टेकायला.

मधोमध मडकं घेऊन हरिबा. पलीकडं बोअरची गाडी. ड्रायव्हर कुठून तरी दक्षिणेतला होता. कुठं पाडायचा एवढंच तो खुणेनं विचारत होता आणि सगळे त्याला सापाकडं बोट दाखवत होते.

भगवानरावांनी आपली जुनी काळी छत्री आणली होती. ती उघडल्याबरोबर सगळं मैदान वर आभाळाकडं बघू लागलं. छत्री उघडलेली बघून गावाला तीन वर्षं झाली होती.

"काय भाऊसाहेब," आश्रुबांच्या बाजूनं कुणीतरी म्हणालं, "तुमाला कळवून येतो का काय पाऊस?"

हसण्याची एक लाट गेली. एरवी भगवानराव त्याच लाटेबरोबर घरी वाहून गेले असते. पण हरिबानं मडक्याच्या तोंडावरचं फडकं सोडायला घेतलं होतं. भगवानराव पुढं झाले आणि म्हणाले, "थांबा. तो माझा साप आहे."

या वेळी थेंब आला होता.

"असं कसं?" आश्रुबा म्हणाले. "काल दिसला तवा कुणाचाच नव्हता. आज पाणी दिसाया लागलं की मालक निघाले व्हय?"

मोहनरावांनीही त्यांना दुजोरा दिला. दोघांचं एकमत झालेलं पाहून लोकांना प्रकरण गंभीर आहे हे पटलं. भगवानरावांना हाताला धरून कडेला बसवण्यात आलं, आणि मडकं कलंडलं.

कापशा बाहेर आला. ऊन असं, की वरून कुणी उकळतं तेल ओतावं. तो निघाला, थांबला, वळला, परत वळला. मांडव एका अंगाला लांब, ट्रॉली दुसऱ्या अंगाला तितकीच लांब. मांडवाच्या खांबापाशी उभ्या असलेल्या माणसांनी हे पाहिलं, आणि मांडव हळूच चार पावलं पुढं आला. आश्रुबांच्या पोरांनी ट्रॉलीला मागून खांदा दिला. ट्रॉलीही पुढं आली. मग मांडव. मग ट्रॉली. मोहनराव आभाळाकडं बघत होते, आश्रुबा चपलेतला खडा काढत होते, आणि दोघांच्या सावल्या एकमेकींच्या अंगावर चालून येत होत्या. मध्ये तो पांढरा जीव स्वतःभोवती गरगर फिरत होता. मिटायला पापण्या नव्हत्या.

भगवानरावांनी ते पाहिलं आणि कधी उठले ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत ते मैदानाच्या मधोमध चालत गेले आणि कापशावर छत्री धरून उभे राहिले.

कापशा थांबला. डोकं वर केलं. भर दुपारी छत्रीची सावली ती केवढी, माणसाच्या पायांपुरती. पण त्या सावलीत आणखी एक जागा होती, छत्रीखालीही नसेल इतकी काळोखाची, आणि ती होती भगवानरावांच्या धोतरात. कापशा अगदी सावकाश, जिना चढावा तसा आत चढला.

भगवानराव विजेच्या खांबासारखे उभे राहिले. हलले नाहीत. छत्री मात्र धरूनच होते.

संस्थेपुढं मोठाच पेच उभा राहिला. कौल तर स्पष्ट होता. पण बोअर भाऊसाहेबांत पाडता येत नव्हता. गाडीचा ड्रायव्हर भगवानरावांकडं पाहून मान हलवत होता. शेवटी हरिबानं तोड काढली. भाऊसाहेबांनी चालायचं, आणि साप जिथं उतरंल तिथं खुणेचा दगड ठेवायचा.

"कुठं जाऊ?" भगवानरावांनी ओठ न हलवता विचारलं.

"तुमी न्हाई जायचं. त्यो नेईल तिकडं जायचं."

तो कुठंच नेत नव्हता. उजव्या मांडीला वेढा घालून निवांत पडला होता. आणि घाबरलेल्या भगवानरावांना या जगात जायला एकच जागा माहीत होती. ते घराकडं निघाले, पाय फाकवून, नव्या नवरीनं माप ओलांडायला जावं तितक्या हळू. मागं हरिबा. त्याच्या मागं मोहनराव आणि आश्रुबा. दोघांनीही आशा सोडली नव्हती, म्हणून मांडव चौघांनी उचलून आणला होता आणि ट्रॉली ढकलत आणली होती. सगळ्यात मागं बोअरची गाडी.

सत्यभामाबाई दारात होत्या. मांडव, माणसं, पुढं छत्री धरलेला नवरा, असं पाहून त्यांना वाटलं यांना कुठं अध्यक्ष-बिध्यक्ष केलं की काय. भगवानराव त्यांच्या अंगावरून पुढं गेले, थेट पुस्तकांच्या खोलीत. खोलीत अंधार होता, गारवा होता. कापशा धोतरातून उतरला, कोपऱ्यात गेला, खालच्या फळीखाली शिरला आणि पोपडे धरलेल्या भिंतीच्या बुडाशी तोंड घालून पडला.

"हितं," हरिबा म्हणाला.

"ह्यो कुठून आला?" सत्यभामाबाईंनी उंबऱ्याबाहेरून विचारलं. आवाज फार शांत होता.

"डब्यातून," भगवानराव म्हणाले.

"डब्यात कंप्युटर होता ना?"

भगवानरावांनी छत्री मिटली.

बाई नेसत्या लुगड्यानिशी छबुबाईंकडं गेल्या आणि तिथून खिडकीतून पुढचं सगळं बघत राहिल्या. भगवानरावांनी शेवटचा प्रयत्न केला. हा योगायोग आहे, अंधार आहे म्हणून तो इथं आला, असं त्यांनी घसा खरवडून सांगितलं. मोहनराव आणि आश्रुबांनी ते ऐकलं नाही. दोघं भिंती बघत होते. बोअर मोहनरावांच्या आळीत पडत नव्हता आणि आश्रुबांच्याही पडत नव्हता. कुणीच जिंकलं नव्हतं. संस्थेच्या इतिहासात पहिल्यांदाच एकमतानं ठराव झाला.

पुस्तकं मांडवात हलवली, कापशा मडक्यात गेला. गाडी आत यावी म्हणून खोलीची पुढची भिंत पाडली, वरचे पत्रे काढले, आणि बोअर सुरू झाला.

ज्यानं बोअर पडताना पाहिलाय त्याला सांगायला नको. दगड दळला जातो आणि त्याची पांढरी भुकटी वर उसळते. बघता बघता सगळी आळी पांढरी झाली. मोहनराव पांढरे, आश्रुबा पांढरे, हरिबाच्या शेळ्या पांढऱ्या. डोळे चोळून चोळून सगळ्यांचे लाल. उन्हाकडं कुणालाच बघवेना; जो तो तोंड झाकून सावली शोधत पळू लागला, कुणी मांडवात, कुणी ट्रॉलीखाली. भगवानराव नखशिखान्त पांढरे होऊन मडकं छातीशी धरून उभे होते, आणि लालबुंद डोळ्यांनी आनंदानं सांगत होते, "बघा, हेच मी सांगत होतो, हेच." पण मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नव्हतं.

मग भुकटीचा रंग बदलला. आधी करडी झाली, मग काळपट, मग गोळे पडू लागले. मग चिखल उडाला, आणि चिखलामागून पाणी. फार नव्हतं. आभाळाला भिडलं वगैरे काही नाही. पण थांबत नव्हतं. आश्रुबांनी ओंजळ पुढं केली, तोंडाला लावली आणि मोहनरावांच्या ओंजळीत पाणी पडावं म्हणून बाजूला सरकले. हरिबानं मडक्याला हात जोडले.

भगवानरावांचं मात्र डोकं चालेना. साप पाणी शोधत नाही हे त्यांनी दोन्ही पुस्तकांत वाचलं होतं. मग हे काय? क्षणभर त्यांना वाटलं, तिसरं पुस्तक वाचायला हवं होतं. न जाणो, हरिबाच खरा असेल.

तेवढ्यात सत्यभामाबाई गर्दीतून वाट काढत आल्या. त्यांनी पाण्याकडं पाहिलं, उघड्या पडलेल्या कोपऱ्याकडं पाहिलं, तिथल्या ओलीकडं आणि पोपड्यांकडं पाहिलं.

"लगीन होऊन आले तवापासून सांगते," त्या म्हणाल्या, "ह्या खोलीला ओल येती. कावून येती, म्हणून इचारते. माझं कुणी ऐकलं न्हाई. सापाचं ऐकलं."

भगवानरावांकडं यावर एक उत्तर होतं, ते म्हणजे जुन्या घरांना असं होतंच. पण ते त्यांनी गिळलं.

सुग्रीव परत आला तेव्हा त्याला मामाचं घर ओळखू येईना. पुस्तकांच्या खोलीत मोटर बसली होती, बाहेरपर्यंत घागरींची रांग होती. भिंत बांधू द्यायला गाव तयार नव्हतं, कारण पाणी भरायला वाट हवी. पत्रे बसवू द्यायला संस्था तयार नव्हती, कारण मोटर कधी वर ओढायला लागली तर. चकलांब्याहून जीप येऊन गेली होती, तिकडंही एकदा साप फिरवून द्या म्हणून. कापशा मात्र आतल्या खोलीत, कणगीमागच्या अंधारात, मजेत होता. सत्यभामाबाईंनी घाबरत घाबरत त्याच्यावर पोतं पांघरलं होतं.

डबा घेऊन निघताना सुग्रीवला पुस्तकांच्या खोलीत मामा दिसले. डोक्यावर लख्ख ऊन, समोर बायकांची ये-जा, चारही बाजूंनी उजेड. आणि कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून, डोक्यावर काळी छत्री धरून, पाय जवळ ओढून भगवानराव तिसरं पुस्तक वाचत बसले होते.

सुग्रीव संकोचानं म्हणाला, "मामी, तुमाला लई तरास झाला. कधी लागलंच तर पुन्हा ठेवीन म्हणत होतो, पण..."

सत्यभामाबाईंनी छत्रीकडं पाहिलं.

"त्याला घेऊन जा बाबा तू," त्या म्हणाल्या. "उजेड न सोसणारा एक पुरे हाय मला घरात."